रकाना कोरा राहिला की सेव्ह अडतं: लक्षणं, तपासणी आणि कुठे थांबायचं

विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवर रकाने-बटणांच्या खिडक्या करायची मायक्रोसॉफ्टची सोय) केलेली बिलिंगची, पतसंस्थेची आणि दूध संकलनाची सॉफ्टवेअर मी सांभाळतो. बरीचशी व्हीबी डॉट नेटमधली आहेत, दोन अजून व्हीबी सिक्समध्येच अडकलीत, मागे डेटा ठेवायला सगळीकडे एसक्यूएल सर्व्हर. महिन्यातून एकदा तरी तोच दोष नवीन सोंग घेऊन येतो. कुणीतरी फॉर्मवरचा एक रकाना कोरा सोडतो आणि पुढे कुठेतरी गाडी अडते. सी शार्पवाल्यांनी नावं थोडी बदलून वाचावं, दुखणं एकच आहे.

लक्षणं

"रकाना कोरा राहिला" असं क्लायंट कधीच सांगत नाही. तो जे सांगतो ते साधारण असं असतं:

"सेव्ह दाबलं की इंग्रजीत काहीतरी येतंय." व्हॉट्सॲपवर फोटो मागवला की व्हीबी सिक्समध्ये 'एरर ९४, इनव्हॅलिड यूज ऑफ नल' किंवा 'एरर १३, टाइप मिसमॅच' दिसतं. डॉट नेटमध्ये 'कन्व्हर्जन फ्रॉम स्ट्रिंग' नाहीतर 'कन्व्हर्जन फ्रॉम टाइप डीबीनल' अशी सुरुवात असते.

"कर्सर त्या चौकोनातून बाहेरच पडत नाही. खिडकीसुद्धा बंद होत नाही."

"जन्मतारीख घातलीच नव्हती, तरी १ जानेवारी १९०० आली."

"पावतीवर सभासदाचं नावच छापत नाही." चौकशी केली की कळतं, त्या सभासदाच्या वडिलांच्या नावाचा रकाना कोरा आहे.

"पहिलं गिऱ्हाईक सेव्ह झालं, दुसरं घेत नाही. डुप्लिकेट म्हणतंय, पण दोघांनी मोबाइल नंबर दिलेलाच नाही!"

आणि सगळ्यात वाईट, कारण यात एररच येत नाही: "सर, काल संध्याकाळचं दूध चढलंय, पैसे चढले नाहीत."

आता तपासणी. फुकटात होणारी आधी, घाम काढणारी शेवटी.

संदेश नीट वाचा

याला दोन मिनिटं लागतात आणि निम्मी दिशा इथेच कळते. संदेशात 'स्ट्रिंग टू टाइप इंटिजर' असेल तर माल फॉर्मकडून आत चाललाय. त्या संदेशात स्ट्रिंग शब्दापुढे दुहेरी अवतरणचिन्हं असतात, ती बारकाईनं बघा. त्यांच्यामध्ये काहीच नसेल तर टेक्स्टबॉक्स कोरा होता आणि कोडनं त्याचा आकडा करायला घेतला. उलट 'डीबीनल टू टाइप स्ट्रिंग' असेल तर फॉर्मचा दोष नाही. टेबलातली कोरी किंमत (तिलाच नल म्हणतात) फॉर्मवर येताना अडली आहे, म्हणजे आजचा माणूस निर्दोष, पूर्वी कधीतरी कुणीतरी तो रकाना कोरा सोडलेला आहे. मी सुरुवातीला हा फरक न बघता सेव्हच्या कोडमध्ये अर्धा दिवस घालवायचो आणि चूक लोड करण्याच्या कोडमध्ये निघायची.

चुकीची तारीखही अशीच बोलते. १ जानेवारी १९०० दिसली तर रिकामी स्ट्रिंग जशीच्या तशी एसक्यूएल सर्व्हरच्या तारखेच्या कॉलमात गेली आहे. सर्व्हर तिची तीच तारीख करतो. ३० डिसेंबर १८९९ दिसली तर व्हीबी सिक्स किंवा ॲक्सेसमध्ये तारखेच्या व्हेरिएबलमध्ये शून्य आहे. 'एसक्यूएल डेटटाइम ओव्हरफ्लो' आलं तर डॉट नेटच्या तारखेला कुणी हातच लावलेला नाही. ती सन १ च्या १ जानेवारीला उभी आहे आणि एसक्यूएलचा जुना डेटटाइम प्रकार १७५३ च्या अलीकडचंच घेतो. आणि आजची तारीख दिसली तर? ती सगळ्यात घातक, कारण ती खरी वाटते. डेटटाइमपिकरला न शिवता सेव्ह केलं की आजचीच तारीख जाते. एका पतसंस्थेत एका दिवशी जन्मलेले अकरा सभासद सापडले होते, सगळे वयानं पन्नाशीच्या पुढचे!

कोरं दिसतं ते खरंच कोरं आहे का

ब्रेकपॉइंट लावा, म्हणजे कोड तिथे थांबेल, आणि इमिजिएट विंडोत त्या टेक्स्टबॉक्सच्या टेक्स्टची लेंग्थ विचारा. शून्य आली तर पुढे जा. एक-दोन आली तर आत काहीतरी न दिसणारं बसलंय. बहुतेक वेळा ती स्पेस असते, कारण फॉर्म पुढे सरकावा म्हणून ऑपरेटर स्पेसबार दाबतात. त्यांची चूक नाही. आपणच तो रकाना सक्तीचा केलेला असतो.

स्पेस ट्रिमनं (टोकांच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या फंक्शननं) जाते. पण व्हीबी सिक्सचा ट्रिम फक्त साधी स्पेस काढतो. एक्सेलमधून चिकटवताना आलेला टॅब किंवा वेबपानावरची न तुटणारी स्पेस तो सोडून देतो. डॉट नेटच्या स्ट्रिंगचा स्वतःचा ट्रिम या दोन्ही काढतो, पण मराठी टाइप करताना घुसलेला झिरो विड्थ जॉइनर काढत नाही. 'दर्‍या', 'वार्‍यावर' असे शब्द काही कीबोर्डांवर त्या अदृश्य जोडाक्षर-चिन्हानं तयार होतात. मग शब्द खोडला तरी ते चिन्ह मागे राहू शकतं. इज-नल-ऑर-व्हाइटस्पेस त्याला पांढरी जागा मानत नाही, म्हणून रकाना 'भरलेला' ठरतो. मराठी नावं घेणाऱ्या फॉर्मवर मी ट्रिमच्या आधी हे चिन्ह दोन्ही टोकांवरून काढतो. मधलं मात्र काढू नका, नाहीतर माणसाचं नावच बिघडेल.

याच ठिकाणी एक सख्खं भावंड भेटतं: देवनागरी आकडे. ऑपरेटरनं '१२' मराठीत टाइप केलं तर कॅरॅक्टरचा इज-डिजिट हो म्हणतो, पण इंटिजरचा पार्स नाही म्हणतो. ट्रायपार्सचं (आकडा करून बघून जमलं की नाही ते सांगणाऱ्या फंक्शनचं) उत्तर न बघता पुढे गेलात तर हातात शून्य उरतं. स्क्रीनवर बारा, टेबलात शून्य.

प्रत्येक कंट्रोलचं 'कोरं' वेगळं असतं

मास्क्ड टेक्स्टबॉक्सला तारखेचा मास्क लावला असेल तर कोरा असतानाही त्याच्या टेक्स्टमध्ये तिरप्या रेघा येतात. रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करून तो कधीच कोरा सापडणार नाही. एकतर टेक्स्ट-मास्क-फॉरमॅट बदलून अक्षरं वगळा, नाहीतर मास्क-कम्प्लिटेड बघा. व्हीबी सिक्सच्या मास्क-एडिटमध्ये टेक्स्टऐवजी क्लिपटेक्स्ट घ्या.

डेटटाइमपिकरला 'तारीख नाही' हे सांगताच येत नाही. त्याची व्हॅल्यू नल होत नाही. शो-चेकबॉक्स चालू करा आणि चेक्ड असेल तरच तारीख घ्या. दिसायला गचाळ आहे, पण वरचे अकरा सभासद परत जन्मत नाहीत.

न्यूमेरिक-अपडाउनमधला आकडा माणसानं पूर्ण खोडला तर चौकोन कोरा दिसतो, पण व्हॅल्यूमध्ये जुनाच आकडा राहतो. कोरं चालत असेल त्या रकान्यासाठी मी हे कंट्रोल वापरणं सोडून दिलं.

कॉम्बोबॉक्समध्ये काही निवडलं नसेल तर सिलेक्टेड-इंडेक्स उणे एक असतो आणि सिलेक्टेड-व्हॅल्यू नथिंग, म्हणजे व्हीबीच्या भाषेत 'काहीच नाही'. त्यावर थेट टू-स्ट्रिंग लावलं की 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट' ठरलेलं. फॉर्म उघडतानाच एरर येत असेल तर क्रम तपासा. डिस्प्ले-मेंबर आणि व्हॅल्यू-मेंबर आधी, डेटासोर्स शेवटी. उलट केलं तर यादी भरतानाच निवड बदलल्याचा इव्हेंट उडतो आणि हातात आयडीऐवजी अख्खी ओळ येते.

आकडा करताना काय होतं

खरी मारामारी इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

व्हीबीत कोऱ्या स्ट्रिंगवर सीइंट (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) लावलं की एरर येते. त्याला कंटाळून कुणीतरी सगळीकडे व्हॅल लावतो. व्हॅल कोऱ्याचं शून्य करतं, एरर थांबते, क्लायंट खूश. पण व्हॅल '१,२००' चं स्वल्पविरामापाशी थांबून १ करतं, हे बिलात सापडेपर्यंत महिना जातो. आणि मुळात कोरं आणि शून्य एक नाहीत.

दूध संकलनाचं उदाहरण घ्या. केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मशीन वाचतं आणि आकडे सिरीयल पोर्टनं संगणकात येतात. लाइट गेली, मशीन बंद पडलं, ऑपरेटरनं लिटर हातानं घातले आणि फॅटचा रकाना कोरा सोडला. व्हॅलनं तिथे शून्य ठेवलं. दरपत्रकात शून्य फॅटचा दर नाही, म्हणून रक्कम शून्य. दूध चढलं, पैसे चढले नाहीत. वर दहा दिवसांच्या सरासरीचं गणितही बिघडतं. नऊ वेळा ४.० आणि एकदा कोरं असेल तर खरी सरासरी ४.० आहे, शून्य धरलं की ती ३.६ होते. टेबलात नल ठेवला असता तर एसक्यूएलच्या ॲव्हरेजनं ती ओळ आपोआप वगळली असती.

त्याच केंद्राच्या जुन्या व्हीबी सिक्स सॉफ्टवेअरमध्ये याहून भारी प्रकार होता. आधीच्या प्रोग्रामरनं प्रोसीजरच्या डोक्यावर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहिलेलं. फॅटचं व्हेरिएबल फॉर्मच्या पातळीवर. कोऱ्या रकान्यावर रूपांतर फसलं की ती ओळ मुकाट सोडली जायची आणि व्हेरिएबलमध्ये आधीची किंमत तशीच राहायची. म्हणजे रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हशीवाल्याची ७.२ फॅट मागच्या गायवाल्याच्या नावावर! गायवाल्याची तक्रार अर्थातच आली नाही. ती आली संस्थेच्या सचिवांकडून, संकलनाची फॅट आणि टँकरची फॅट जुळेना तेव्हा. तुमच्या कोडमध्ये ही ओळ सापडली तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ती काढा. पहिले दोन दिवस एररचा पाऊस पडेल. त्या एरर आधीही होत्याच.

बरोबर काय? ट्रायपार्स लावा, त्याचं हो-नाही तपासा, आणि कोरं चालणाऱ्या रकान्यासाठी नलेबल प्रकार घ्या, म्हणजे व्हीबी डॉट नेटमध्ये डेसिमलपुढे प्रश्नचिन्ह. त्यातही व्हीबीचा एक खड्डा आहे: एका ओळीतल्या इफमध्ये एका बाजूला नथिंग आणि दुसऱ्या बाजूला साधा आकडा दिला तर ते नथिंग शून्य होऊन बसतं. मी त्यात दोनदा पडलोय. नेहमीचा चार ओळींचा इफ लिहा.

फॅट नसेल तर त्या दुधाला कोणता दर द्यायचा, हे मात्र प्रोग्रामरनं ठरवायचं नाही. संस्थेचा नियम विचारा. मी फक्त ती ओळ पिवळी करतो आणि फॅट भरेपर्यंत बिल काढू देत नाही.

ऑप्शन स्ट्रिक्ट ऑन करणं हीसुद्धा एका ओळीची तपासणी आहे. चोरून होणारी रूपांतरं कंपाइलरच दाखवतो. जुन्या प्रोजेक्टवर लावलं की शेकड्यांनी चुका येतात, म्हणून एकेका फाइलवर लावा.

व्हॅलिडेशन चालतंय का, की जास्तच चालतंय

व्हॅलिडेटिंग हा इव्हेंट त्या कंट्रोलमधून फोकस बाहेर पडताना चालतो. ज्या रकान्यात ऑपरेटर गेलाच नाही, तिथे तो चालणारच नाही. त्यात सेव्ह बटण टूलस्ट्रिपवर असेल तर ते फोकस घेत नाही, म्हणून शेवटच्या रकान्याचीही तपासणी हुकते. सेव्हच्या सुरुवातीला व्हॅलिडेट-चिल्ड्रन बोलवा, दोन्ही भोकं बुजतात.

उलट कर्सर अडकत असेल तर कुणीतरी व्हॅलिडेटिंगमध्ये कॅन्सल ट्रू केलंय. रद्द बटणाचं कॉजेस-व्हॅलिडेशन फॉल्स करा, आणि खिडकी बंद होत नसेल तर फॉर्म-क्लोझिंगमध्ये कॅन्सल फॉल्स करा. माझं मत विचाराल तर रकान्यात माणसाला कोंडूच नये. एरर-प्रोव्हायडरची लाल खूण दाखवा, जाऊ द्या, सेव्हला अडवा. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं, त्याचा जीएसटी नंबर घरी राहिलेला असतो.

कॅन्सल कुठेच नाही आणि तरी कर्सर अडतोय? मग डेटा बाइंडिंग बघा. आकड्याच्या कॉलमला बांधलेला टेक्स्टबॉक्स कोरा केला की बाइंडिंग त्या कोऱ्याचा आकडा करू पाहतं आणि फसतं. मग कर्सर तिथेच राहतो नाहीतर जुना आकडा परत येतो. बाइंडिंगला फॉरमॅटिंग चालू करून नल-व्हॅल्यू म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या.

डेटाबेसच्या दारात

इथून पुढे टेस्टच्या प्रतीवर काम करा, चालू डेटावर नाही.

स्टोअर्ड प्रोसीजरचा (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडचा) पॅरामीटर 'दिलाच नाही' अशी तक्रार येत असेल आणि कोडमध्ये तो दिलेला दिसत असेल, तर त्याची किंमत नथिंग गेली आहे. एडीओ डॉट नेटला (डॉट नेटचा डेटाबेसशी बोलणारा भाग) नथिंग म्हणजे काही पाठवलंच नाही. तिथे डीबीनल डॉट व्हॅल्यू हवं. दोन्ही दिशांची ही रूपांतरं मी दोनच फंक्शनांत ठेवली आहेत, एक आत जाताना, एक बाहेर येताना. फॉर्मवर कुठेही वेगळं लिहायचं नाही.

शोधात माणूस सापडत नसेल तर क्वेरीत बरोबरच्या चिन्हानं '= नल' असं लिहिलंय का बघा. ती तुलना कधीच खरी होत नाही, 'इज नल' लागतं. आणि त्याच कॉलमात काही ठिकाणी नल, काही ठिकाणी रिकामी स्ट्रिंग, काही ठिकाणी 'एनए' आणि एखादं टिंब असेल तर तुम्ही एकटे नाही. जीएसटी नंबरच्या कॉलमात हे चारही मला एकाच दुकानात मिळालेत. नंबर १५ अक्षरी असतो, तेव्हा पंधराहून कमी लांबीच्या आणि नल ओळी काढल्या की सगळी जत्रा एकदम दिसते. ओरॅकलवरून आलेल्यांनी सांभाळा. तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पावतीवरचं गायब नाव याच घरातलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अधिकच्या चिन्हानं जोडलं आणि मधलं नल असलं की अख्खं नाव नल होतं. २०१२ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरवर कॉन्कॅट वापरा, ते नलला रिकामं धरतं. मधे दोन स्पेस पडतात तेवढ्या आवरा.

मोबाइल नंबरच्या डुप्लिकेटचं कारण युनिक इंडेक्स. रिकामी स्ट्रिंग दोनदा चालत नाही हे समजण्यासारखं आहे, पण एसक्यूएल सर्व्हर नलसुद्धा एकदाच घेतो. २००८ पासून फिल्टर्ड इंडेक्स मिळतो: नल नसलेल्या ओळींपुरताच युनिक. बदल लहान आहे, पण आधी रिकाम्या स्ट्रिंगचे नल करावे लागतात. आणि नेमकं इथेच थांबून विचार करायचा.

हात कुठे आवरायचा

फॉर्म आणि कोड बदलणं आपलं काम. पूर्वीचा साठलेला डेटा दुरुस्त करणं प्रत्येक वेळी आपलं नसतं.

ज्या ओळींवरून बिलं निघाली, पैसे वाटले गेले, वर्ष बंद झालं, त्या ओळींतलं शून्य 'खरं तर कोरं होतं' म्हणून अपडेट क्वेरीनं बदलू नका. ताळेबंद हलतो. पतसंस्थेत लेखापरीक्षकांना आणि दुकानात सीएंना विचारा. ते सांगतील तशी दुरुस्तीची नोंद आजच्या तारखेला पडते, जुनी ओळ तशीच राहते.

बॅकअप कधी घेतला होता आणि तो परत चढतो का, याचं उत्तर कुणाकडे नसेल तर कॉलमचा प्रकार किंवा नॉट नल बदलू नका. डेटाबेसवाला माणूस बोलवा. टेबलावर रेप्लिकेशन (डेटाची आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर प्रत) असेल, शाखांचा डेटा मुख्य कार्यालयात जात असेल, किंवा तेच टेबल दुसरं सॉफ्टवेअरही वाचत असेल, तरीही हेच. तुम्ही नल चालू केलात आणि पलीकडच्या सॉफ्टवेअरला नल ठाऊक नसला की तोच एरर ९४ दुसऱ्या खोलीत उगवतो.

दोष बाहेरून विकत घेतलेल्या ग्रिड कंट्रोलच्या आत असेल आणि त्याचा सोर्स तुमच्याकडे नसेल, तर एका दिवसापेक्षा जास्त झटू नका. त्या एका रकान्यासाठी साधा टेक्स्टबॉक्स ठेवा आणि कंट्रोल बनवणाऱ्यांना लिहा.

कुणालाही बोलवण्याआधी एवढं तयार ठेवा: एररचा पूर्ण फोटो, ज्या ओळीवर ती आली तिचा आयडी, त्या कॉलमात नल किती, रिकाम्या स्ट्रिंग किती आणि शून्य किती याची मोजणी, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख. मोजणी करताना कॉलमचं नाव देऊन काउंट घेऊ नका, ते नल मोजतच नाही. काउंट स्टार घ्या आणि इज नलची अट लावा.